हुंकाऱ्याशिवाय दक्षिण ध्रुव

आमच्या वऱ्हाडात गोष्ट सांगणाऱ्याकडे काम अर्धंच असतं. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याचं. त्यानं दर वाक्याला ‘हूं’ म्हणायचं, मधूनमधून ‘मंग?’ म्हणायचं, आणि अगदीच राहवलं नाही तर ‘कावून?’ म्हणजे ‘का बरं?’ असं विचारायचं. याला हुंकारा म्हणतात. हुंकारा बंद झाला की सांगणारा मधेच उठून पाणी प्यायला जातो, आणि त्यात त्याची काही चूक धरत नाहीत. ही सवय माझ्यात इतकी मुरलेली होती की ती सवय आहे हेच मला ठाऊक नव्हतं. ते कळायला मला इंग्रजीच्या परीक्षेत एकदा तोंडावर आपटावं लागलं आणि अकोल्याच्या भर मे महिन्यात दक्षिण ध्रुवावर जाऊन यावं लागलं. तुम्हीही वाचताना मनातल्या मनात हूं म्हणत चला, म्हणजे मला बरं पडेल.

मी नर्स आहे. अमरावतीच्या एका दवाखान्यात ड्युटी करते, तिथेच खोली करून राहते, आणि सुट्टी मिळाली की बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला घरी येते. घर म्हणजे गावाबाहेरचा आमचा मळा. वांगी, मेथी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. पुण्याच्या माणसाला हे दरवेळी समजावून सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

उत्तरेकडच्या एका थंडगार देशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला नर्सेस हव्या होत्या. आमच्या बॅचमधल्या एकदोघी गेल्यासुद्धा. त्यांनी खिडकीबाहेरच्या बर्फाचे फोटो पाठवले आणि माझा जीव तिकडे अडकला. उगाच मोठी मोठी कारणं देत नाही. मला जग बघायचं होतं, आणि खरा बर्फ हातात घेऊन बघायचा होता. तोपर्यंत मी पाहिलेला बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या गोणपाटातला, भुसा लागलेला.

दोन गोष्टी आडव्या होत्या. एक इंग्रजी बोलायची परीक्षा आणि दुसरे आमचे बाबा.

बाबा कमी बोलतात असं म्हणणं म्हणजे अकोल्यात थोडं ऊन पडतं म्हणण्यासारखं आहे. मी त्यांना जायचं सांगितलं तेव्हा ते वांग्याला पाणी सोडायला निघाले होते. त्यांनी थांबून सगळं ऐकून घेतलं, आणि वांग्याला पाणी सोडायला गेले. हो नाही आणि नाहीही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही. आई म्हणायची, “इचार ना वं त्याईले पुन्हा.” मी म्हणायची, परीक्षा तर पास होऊ दे. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. बाबांनी नाही म्हटलं असतं तर मी गेले नसते, आणि न जाता राहिले असते तर जन्मभर धुसफुसत राहिले असते.

पहिल्या खेपेला परीक्षेत काय झालं ते सांगते. नागपूरचं केंद्र, थंड खोली, समोर एक बाई. त्यांनी एक कार्ड दिलं. कार्डावरच्या विषयावर दोन मिनिटं सलग बोलायचं. विषय सोपा होता, तुमच्या कामाची जागा. मी सुरुवात केली. माझा दवाखाना अमरावतीला आहे. एवढं बोलून बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. दवाखाना मोठा आहे. पुन्हा पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. मला वाटलं, आपलं काहीतरी भयंकर चुकलं. मी आणखी एक वाक्य कसंबसं ढकललं आणि मग दातखीळ बसली. त्या बघतायत माझ्याकडे, मी बघतेय त्यांच्याकडे, आणि मधे घड्याळ. ऐकण्यात, वाचण्यात, लिहिण्यात मी पास आणि बोलण्यात नापास. घरी कोणाचा विश्वास बसेना. मी लहानपणी झोपेत बोलायची, आणि ही पोरगी बोलण्यात नापास.

अमरावतीच्या क्लासमधल्या सरांनी निदान केलं. “तुमची वाक्यं सुटी सुटी पडतात. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. जोडशब्द लागतात, जोडशब्द.” आणि त्यांनी झेरॉक्सचा एक गठ्ठा हातात ठेवला. त्यात ध्रुवावर गेलेल्या माणसांचा सगळा इतिहास होता, आणि जिथे जिथे जोडशब्द यायला हवा तिथे तिथे मोकळी रेघ. हाउएव्हर, देअरफोर, ऑल्दो, मीनव्हाइल, यातलं योग्य ते भरा. कोणत्या डोकेबाज माणसाला ही कल्पना सुचली देव जाणे. पण मी तो गठ्ठा पिशवीत घालून सुट्टीला घरी आले, आणि घरी कुरड्यांचा दिवस निघाला.

ज्यांच्या घरी कुरड्या झाल्या नाहीत त्यांना सांगते. गहू भिजवायचे, वाटायचे, त्याचा चीक शिजवायचा, आणि तो गरम गरम चीक सोऱ्यात भरून खाटेवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर दाबत जायचं. ऊन चढायच्या आत उरकावं लागतं. त्या कामासाठी मोर्शीहून आत्या आली होती. पावसाळ्यात चांगला बहार यावा म्हणून तिच्याकडे संत्र्याच्या झाडांचं पाणी या दिवसांत मुद्दाम तोडलेलं असतं, म्हणून तिला सवड. आमची आत्या म्हणजे बाबांची सख्खी धाकटी बहीण, पण बाबांच्या वाट्याचंही सगळं बोलणं तिनंच घेतलंय.

मी सोऱ्या दाबत होते, कागद मांडीवर. एक वाक्य इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं आणि रेघ आली की अडायचं. आत्याला ते सोसेना.

“काय पुटपुटून रायली वं? आमाले बी सांग.”

म्हणून मग मी मराठीत सांगायला घेतलं. नॉर्वेचा एक माणूस होता आणि इंग्रजांचा एक कप्तान होता. दोघांनाही दक्षिण ध्रुवावर पहिलं पोचायचं होतं.

“हूं,” आई म्हणाली.

“तिथी होतं काय?” आत्यानं विचारलं.

“काहीच नव्हतं आत्या. नुसता बर्फ.”

“मंग गेले कायले?”

“पहिलं पोचायले. झेंडा लावायले.”

“अन् झेंडा लावून?”

“वापस यायचं.”

आत्यानं चिकाचा एक गोळा तोंडात टाकला आणि थोडा विचार केला. “माणसं व्हते का पोट्टे?”

इंग्रजांनी ओढायला घोडे नेले, मी म्हटलं. नॉर्वेवाल्यानं कुत्रे नेले.

“घोडे कावून?” आई म्हणाली. “घोडा रुतन ना बर्फात. आपल्या कायी मातीत पावसायात बैल रुतते तसा.”

रुतलेच, मी म्हटलं. आणि कागदाकडे बघितलं तर तिथे रेघ होती आणि त्या रेघेवर ‘म्हणून’ पाहिजे होता. मी देअरफोर लिहिला. “मंग आता वढलं कोनं?” आत्या. माणसांनी स्वतः ओढलं. “अन् तवा ते कुत्तेवाले काय करून रायले व्हते?” पुढची रेघ, मीनव्हाइल. “एवढं झालं तरीबी गेलेच?” ऑल्दो. मला हसूच फुटलं. सरांनी मोकळ्या सोडलेल्या सगळ्या रेघा या दोघी बायका खाटेच्या कडेला बसून भराभर भरत होत्या, आणि मी सोऱ्या आत्याकडे देऊन नुसती मागे मागे लिहीत होते. नॉर्वेवाल्यांनी वाटेत कुत्रे खाल्ले हे कळल्यावर मात्र आई म्हणाली, “मले नोको सांगू,” आणि कानावर पदर घेतला. पण पदराआडून हूं येतच होता.

मग मी इंग्रज कप्तानाला ध्रुवावर पोचवलं. समोर बघतो तर काय, दुसऱ्याचा झेंडा.

“अवं माय,” आत्या म्हणाली आणि सोऱ्या खाली ठेवला.

मग परतीची वाट सांगितली. त्यांच्यातल्या एकाचे पाय गारठून पार गेले. आपल्यामुळे बाकीचे मागे पडतायत हे त्याला दिसत होतं. तो एके दिवशी तंबूतून वादळात बाहेर पडला आणि परत आलाच नाही. बाकीचेही घरी पोचले नाहीत. आई डोळे पुसत म्हणाली, चीक गार होऊन राहिला.

आत्याला असा शेवट चालत नाही. तिनं दुसरी गोष्ट मागितली. सुदैवानं गठ्ठ्यात होती. आणखी एक कप्तान, त्याचं जहाजच बर्फात अडकलं आणि बर्फानं ते चिरडलं. माणसं तरंगत्या बर्फावर राहिली. शेवटी कप्तान एका लहानशा होडीत बसून समुद्रापार मदत आणायला गेला, पुन्हा आला, आणि जहाजावरची सगळीच्या सगळी माणसं जिवंत परत नेली. आत्या इतकी खूश झाली की तिनं उरलेल्या चिकाच्या भलत्याच मोठ्या कुरड्या घातल्या. अजून डब्यात आहेत, तळायला कढई पुरत नाही.

हे सगळं चाललं तेव्हा बाबा पलीकडे निंबाखाली सांबाराच्या जुड्या बांधत बसले होते. पाठ आमच्याकडे.

मी मोठ्या ऐटीत अमरावतीला परतले. सगळ्या रेघा बरोबर. सर म्हणाले, आता हेच न बघता सलग बोलून दाखवा. त्यांनी मोबाइलवर वेळ लावली आणि परीक्षेतल्या बाईंसारखा चेहरा करून बसले. मी म्हटलं, इंग्रज कप्तानानं घोडे नेले. आणि थांबले. सरांकडे बघत राहिले. सर माझ्याकडे.

“का थांबलात?”

“तुम्ही हूं म्हणाल म्हणून.”

सर एकदम हसत सुटले. ते आमच्याच वऱ्हाडातल्या चांदूर रेल्वे गावचे, त्यांना हुंकारा सांगावा लागला नाही. हसणं ओसरल्यावर म्हणाले की परीक्षकाला हूं म्हणायची मुभाच नसते, चेहरा कोरा ठेवायचा हा त्यांचा नियम. जोडशब्द आले तुम्हाला. आता हुंकाऱ्याशिवाय बोलायची सवय करा. घरी कोणाला तरी गप्प बसवा.

कोणाला गप्प बसवू? आमच्या घरात?

पुढच्या सुट्टीला आत्या अजून मुक्कामालाच होती, म्हणून मी आई आणि आत्या दोघींना खाटेवर बसवलं. कूलर बंद केला, कारण त्याच्या आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं. अकोल्यात मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. दोघींना बजावलं, एक अक्षर बोलायचं नाही, मान हलवायची नाही, मी इंग्रजीतून सगळं सांगते. आईनं तोंडात पदर कोंबला. आत्याला स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून तिनं तोंडात पाणी धरलं.

मी सुरू केलं. घामाच्या धारा, आणि मी अंटार्क्टिकात. घोडे गेले तेव्हा आईनं पदरातून “उं” केलं, मी डोळे वटारले. आत्या गाल फुगवून बसलेली, डोळे गरगर फिरवत. इंग्रजी तिला येत नाही, पण गोष्ट पाठ झालेली, कुठे पोचलो ते तिला हाताच्या इशाऱ्यावरून कळत होतं. मी ध्रुवाशी आले. कप्तान समोर बघतो. मी झेंड्यासाठी हात वर केला मात्र, आत्याच्या तोंडातलं सगळं पाणी फुर्रकन माझ्या अंगावर.

“अवं पन त्याले कोनी आधी सांगतलं कावून नाई?”

आई हसता हसता खाटेवरून घसरली. आत्याला ठसका लागला. मी ओलीचिंब होऊन ओरडत होते की असं केलं तर मी पास कशी होणार, आणि ओरडता ओरडता मलाही हसू आवरेना. पोटात दुखायला लागलं. त्या दिवशी आम्ही तिघींनी ध्रुवावर जायचा आणखी एक प्रयत्न केला आणि घोड्यांपाशीच कोसळलो.

“तुया बापाले सांग,” आई शेवटी डोळे पुसत म्हणाली. “त्याच्यासारखं गप कोनी बसत नाई.”

सगळ्यांनाच त्याचं हसू आलं. मला मात्र नंतर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर मी निंबाखाली गेले. बाबा ओलं गोणपाट पुढे घेऊन जुड्या बांधत होते. मी म्हटलं, “बाबा, मी बोलतो अन् तुमी काईच बोलू नका.” आमच्याकडे बायकाही ‘मी बोलतो’च म्हणतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बहुधा हे सांगायची काय गरज असं वाटलं असावं, आणि जुडी उचलली. मी समोर बसून इंग्रजीतून बोलू लागले.

पहिल्यांदा जमलं नाही. दर वाक्याशी आपोआप थांबायची. बाबांचे हात चालू, चेहरा कोरा. परीक्षेतल्या बाई त्यांच्यापुढे म्हणजे बोलक्या बाहुल्या. पण ते हात चालू होते ना, त्याचा मला हळूहळू आधार वाटायला लागला. सांबार उचलायचा, मुळं झटकायची, सुतळी गुंडाळायची, बाजूला ठेवायचा. मी बोलत राहिले. पुढच्या सुट्टीलाही तेच, त्याच्या पुढच्याही. माझी वाक्यं एकमेकांना धरून चालायला लागली, मधे खड्डा आला तर उडी मारून पुढे. आत्या मोर्शीहून फोन करून विचारायची, “पोचली का ध्रुवावर?”

एकच गोष्ट मला दिसली. तो पाय गेलेला माणूस तंबूतून बाहेर पडतो तिथे आले की बाबांचे हात थांबायचे. त्यांना इंग्रजी येत नाही. पण कुरड्यांच्या दिवशी पाठ वळवून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं, आणि गोष्ट कुठे आली हे त्यांना माझ्या आवाजावरून कळत असणार. हात थोडा वेळ थांबायचे, मग सुतळी घट्ट ओढायचे. मला विचारावंसं वाटायचं, बाबा, मी गेले तर तुम्हाला काय वाटेल. पण मी आपली पुढचा ऑल्दो घेऊन निघून जायची.

परीक्षेचा दिवस आला. तेच केंद्र, तीच थंड खोली, बाई दुसऱ्या. कार्ड उलटलं आणि मी बघतच राहिले. विषय होता, तुमचं बोलणं नीट ऐकून घेणारी एखादी व्यक्ती.

मला एकदम गंमत वाटली. समोरच्या बाई बाबांसारख्याच बसल्या होत्या, फक्त सांबाराची कमी. मी त्यांच्या हातांकडे बघत सुरुवात केली. माझे वडील भाजी पिकवतात. ते बोलत नाहीत, तरीही मी बोलायला त्यांच्याकडेच जाते. ते जुड्या बांधत असतात, तेवढ्यात मी पार दक्षिण ध्रुवावर जाऊन येते. त्यांना माझी भाषा कळत नाही, पण मी कुठे घाबरते ते कळतं. म्हणून मला त्यांना एक गोष्ट विचारायची आहे, मात्र अजून विचारलेली नाही. मी कुठेही थांबले नाही. ‘वेळ संपली’ हे बाईंना मला दोनदा सांगावं लागलं. बाहेर येऊन मी जिन्यातच बसले आणि एकटीच हसत राहिले.

निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी ड्युटीवर होते. पास. बोलण्यात सगळ्यांत जास्त. वॉर्डातल्या एका आजींचं बीपी बघत होते, त्यांनाच मिठी मारली, मग बीपी पुन्हा घ्यावं लागलं. संध्याकाळच्या गाडीनं अकोला. आई दारातच होती, तिच्या फोनवर आत्या, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मी तशीच निंबाखाली गेले.

या वेळी आपल्या भाषेत बोलले. म्हटलं, “बाबा, मी पास झालो.”

“हूं,” बाबा म्हणाले.

मला आधी लक्षातच आलं नाही. मी कार्डाचं सांगितलं. “हूं.” तुमच्याबद्दल बोलले ते सांगितलं. “मंग?” मग बाईंनी दोनदा थांबवलं. “हूं.” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाबा हुंकारा देतायत. मी सांगतच राहिले, वॉर्डातल्या आजी, बीपी, गाडीतली गर्दी, सगळं. आणि सगळं सांगून संपलं. विचारायचं तेवढं राहिलं, आणि ते काही तोंडातून निघेना.

बाबांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“तो होडीवाला कप्तान,” ते म्हणाले. “त्यानं सारेच मानसं वापस आनले ना?”

“हाव बाबा. त्याच्या जहाजावरचे सारेच.”

“हूं,” बाबा म्हणाले. “मंग जाय.”

आणि त्यांनी पुढची जुडी उचलली. मीही गोणपाटाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि सुतळी घेतली. मला डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, त्यामुळे माझ्या जुड्या सैल झाल्या. बाबांनी त्या तशाच टोपलीत भरल्या.